मधली पंधरा मिनिटं

दोन नोकऱ्यांच्या मधले सात महिने मी परळच्या एका तालमीत काढले. कुस्ती शिकायला नव्हे. आखाड्यातली माती कधीच उचलून नेली होती आणि तिथे फरशी घातली होती. त्या फरशीवर पाच टेबलं, पाच जुने कॉम्प्युटर आणि त्यांच्यासमोर माणसांची रांग. गिरणी कामगारांची आणि त्यांच्या वारसांची यादी करण्याचं काम तिथे चाले. संपाला वीसेक वर्षं होऊन गेली होती. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर चढत होते आणि त्यातली थोडी जागा कामगारांच्या घरांसाठी सुटणार अशी हवा होती. सुटलीच तर ती घरं कोणाला द्यायची यासाठी आधी नावं हवीत, म्हणून चार निवृत्त कामगारांनी मिळून समिती काढली होती. यादी पुरी झाली की ती सरकारकडे जायची. तीत ज्याचं नाव नसेल त्याला पुढे कोणी विचारणार नाही, हे सगळ्यांना कळलेलं होतं.

यादी सांभाळणं हे माझं काम. पाच टेबलांवर जे टाइप होई ते आतल्या खोलीतल्या एका मोठ्या मशीनमध्ये जमा होई. फोर्टातल्या कुठल्याशा ऑफिसने कॉम्प्युटर बदलले तेव्हा हे जुनं मशीन समितीला दिलं होतं. पूर्वी मुद्गल आणि डंबेल्स ठेवायची ती खोली. मशीन चालू असलं की घरघर करी आणि मधूनच एक टक असा आवाज काढी. तो टक ऐकला की मी हातातलं काम टाकून मशीनपाशी जाई, कारण लोअर परळच्या काचेच्या इमारतीत चार वर्षं हेच काम करून मला एवढं नक्की ठाऊक होतं की असा आवाज करणारी डिस्क आज ना उद्या जाणार. आणि तिच्यावर जे आहे त्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

पहिल्याच आठवड्यात मी काकांकडे गेले. काका म्हणजे समितीचे सर्वेसर्वा. विणकामाच्या खात्यात ते जॉबर होते, म्हणजे वीस-पंचवीस कामगारांवरचा मुकादम, आणि तो जॉबर त्यांच्या अंगातून काही केल्या गेला नव्हता. मी म्हटलं, काका, मला रोज अर्धा तास द्या. अर्धा तास सगळं थांबवायचं, मी यादीची नक्कल काढून घेते, मग पुन्हा चालू. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तालीमच विकायला काढली आहे. ते म्हणाले, थांबवायचं कधी, तेवढं सांग.

हे सांगणं सोपं नव्हतं, कारण काकांनी तालीम तीन पाळ्यांत चालवली होती. थट्टा नाही, खरंच तीन पाळ्या. दिवसाच्या दोन पाळ्यांना समोर रांग. रात्रपाळीला टपालाने आलेल्या अर्जांचे गठ्ठे. पाळी बदलताना नवा माणूस आधी खुर्चीमागे येऊन उभा राही, मग जुना उठे आणि नवा त्याच्या ऊबदार खुर्चीत बसून अर्धवट भरलेला अर्ज तिथूनच पुढे टाइप करायला लागे. हे काकांनी शिकवलं होतं. चालत्या मागावर माणूस बदलतो, माग थांबत नाही, असं ते म्हणत. रविवार? रविवारी तर नोकरीवाले येत. सोमवार? सोमवारी दादरची कापड दुकानं बंद, म्हणजे तिथले सगळे जुने कामगार तालमीत. चोवीस तासांत असा एक क्षण नव्हता की जेव्हा कोणाचा तरी अर्ज अर्धा भरलेला नाही.

शेवटी माझं मीच ठरवलं. एका संध्याकाळी दाराजवळच्या फळ्यावर मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: उद्या दुपारी एक ते दीड नोंदणी बंद राहील. एवढंच. त्यात समजायला कठीण असं काय होतं ते मला आजही कळत नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा रांग तालमीच्या गल्लीतून बाहेर पडून पुलापर्यंत गेलेली होती. लोक रडवेले झाले होते. रांगेत तोंडातोंडी जाताना आधी दीड गळला, मग एक गळला, मग दुपार गेली आणि शेवटी फक्त 'नोंदणी बंद' एवढं राहिलं. तेवढं फोनवरून कणकवली-लांजापर्यंत पोचलं होतं. रातोरात मिळेल त्या गाडीत बसून म्हातारीकोतारी मुंबईत उतरली होती. एक बाई तर नवऱ्याचा हार घातलेला फोटो भिंतीवरून काढून हारासकट घेऊन आली होती.

काका मला काही तरी भयंकर बोलतील असं वाटलं होतं. ते बोलले नाहीत. त्यांनी फळा स्वतः ओल्या फडक्याने पुसला, मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरी, आम्हीपण थोडे दिवसच बंद म्हणालो होतो. बंद केलेलं परत चालू झालेलं ह्या गल्लीत कोणी बघितलेलं नाही. तो शब्द इथे लिहायचा नाय आणि करायचा तर नायच नाय."

मला राग आला, आणि त्यांचं म्हणणं पटलं म्हणून जास्तच आला. त्यांचं दुःख खरं होतं. माझी डिस्कही खरीच होती. त्यांच्या दुःखाने ती एक दिवससुद्धा जास्त टिकणार नव्हती. मी 'बंद'च्या जागी 'विश्रांती' लिहू का म्हणून विचारलं. काका म्हणाले, विश्रांती घेणारं मशीन मी कधी पाहिलं नाही.

या सगळ्यात माझा स्वतःचाही एक जीव अडकलेला होता, ते सांगून टाकते. माझे बाबा. बाबा लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे कायम नसलेला. रोज सकाळी गेटावर जाऊन उभं राहायचं. कोणी कायमचा कामगार आला नाही तर जॉबर बोट दाखवून बदलीतल्या एकाला आत घेई, बाकीचे घरी. बाबांनी सहा वर्षं हे केलं. आता पुढच्या वर्षी कायम करू, असं त्यांना दोनदा सांगितलं गेलं आणि मग संप झाला. संपानंतर ते हिंदमाताला एका साडीच्या दुकानात लागले. दिवसभर साड्या उलगडायच्या आणि पुन्हा घड्या घालायच्या. लोक यावर हळहळत. बाबा स्वतः हळहळत नसत, पण गिरणीचा विषय निघाला की उठून गॅलरीत जाऊन उभे राहत.

त्यांच्याकडे बदलीचं कार्ड होतं, हजेरीचे शिक्के मारलेलं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. तेवढा पुरावा पुरे होता. आमची चाळीतली खोली दहा बाय बाराची, तीही भावकीत अडकलेली. यादीत नाव लागणं म्हणजे म्हातारपणी स्वतःचं दार मिळण्याची एकुलती एक शक्यता होती. पण समितीचा नियम होता की कामगार हयात असेल तर त्याने स्वतः रांगेतून यायचं, खोटी नावं घुसू नयेत म्हणून. मी काकांना विचारून पाहिलं. काका म्हणाले, हयात आहेत ना? मग येऊ देत. आणि बाबा रांगेचं नाव काढलं की एकच वाक्य बोलत: "सहा वर्सां गेटार उभो रवलंय. आता खयच्याच दारात उभो रवचंय नाय."

मी त्यांना समजावलं, भांडले, दोन दिवस अबोला धरला. आईने मध्यस्थी केली. काही उपयोग झाला नाही. मी ज्या यादीसाठी दिवसभर डोकं फोडून घेत होते, त्या यादीत माझ्याच बापाचं नाव नव्हतं.

तर नक्कल. थांबवता येत नाही म्हटल्यावर मी चालू असतानाच फाइली उचलायला सुरुवात केली. आधी कामगारांच्या नावांची फाइल, मग वारसांची. नक्कल निघाली, मी तारीख घालून ठेवून दिली आणि महिनाभर निवांत राहिले. मग रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीने आपला जुना कॉम्प्युटर समितीला दिला. तो रिकामा होता, म्हणून सहज एक दिवस माझी नक्कल त्यावर उघडून पाहिली. काय पाहते, तर वारस होते पण कामगार नव्हता. बायको होती, मुलगे होते, आणि ज्याचे ते वारस त्या माणसाचा पत्ताच नव्हता. नावांची फाइल सव्वादहाला निघाली होती, वारसांची पावणेअकराला, आणि मधल्या अर्ध्या तासात पाच टेबलं काही हातावर हात ठेवून बसली नव्हती. त्या वेळात आलेल्या प्रत्येकाचं अर्धं घर नकलेत होतं आणि अर्धं नव्हतं. महिन्याभराच्या सगळ्या नकला अशाच. मी त्या खोलीत एकटी होते म्हणून बरं, नाहीतर माझ्या तोंडून जे निघालं ते गिरणगावातसुद्धा बायका बोलत नाहीत.

त्यानंतर मी नीट काम केलं. मोठं मशीन जे काही लिही त्याची स्वतःसाठी क्रमवार टिपणवही ठेवत असे: कोण आलं, काय बदललं, कशानंतर काय. मी अशी व्यवस्था केली की दर पंधरा मिनिटांनी त्या टिपणवहीची नवी पानं वखारीच्या मशीनकडे जावीत आणि त्याने ती वाचून तेच सगळं त्याच क्रमाने आपल्याकडे लिहून घ्यावं. म्हणजे दुसरं मशीन पहिल्याच्या एक पाऊल मागे चालत राही. मग मी दुसरं खुशाल थांबवायचे, सावकाश नक्कल काढायचे, पुन्हा सुरू करायचे आणि ते राहिलेली पानं वाचून पहिल्याला गाठायचं. बाहेर रांगेला पत्ता नाही. पहिलं पडलंच तर दुसरं त्याच्या जागी उभं राहणार.

काकांनी विचारलं, हे दुसरं कशाला? मी म्हटलं, बदली आहे. झालं, काकांचा चेहरा खुलला. नऊ आठवडे ज्या गोष्टीसाठी मी घसा कोरडा केला ती त्यांना एका शब्दात कळली. त्यांनी स्वतः खडूने त्या मशीनवर 'बदली' असं लिहिलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आत आणून दाखवायला लागले. फक्त एकदा त्यांनी विचारलं, दर पंधरा मिनिटांनी का, लगेचच का नाही? वखारीचं मशीन धापा टाकत होतं हे खरं कारण. जरा घाई केली की बाहेरच्या टेबलांवर टाइप केलेलं अक्षर उमटायला वेळ लागे आणि तक्रारी येत. पण मी तसं सांगितलं नाही. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "पंधरा मिनिटांत काय होतंय, काका?" काका म्हणाले, पंधरा मिनिटं उशीर झाला की माणसाची त्या दिवसाची पाळी जायची. मला वाटलं, लागले पुन्हा गिरणीच्या गोष्टी सांगायला.

डिस्क गेली ती बुधवारी, भर दुपारी. बारा वाजून गेले होते. टक असा आवाज आला, मग पुन्हा टक, मग घरघर थांबली आणि खोलीत इतकी शांतता झाली की बाहेर कोणी तरी नाव सांगत होतं ते मला शब्द न् शब्द ऐकू आलं. पाचही टेबलांवरचे पडदे गोठले. काका दारात येऊन उभे राहिले. मला म्हणाले, रांगेला कळता कामा नये. मी म्हटलं, पाच मिनिटं द्या. त्यांनी बाहेर जाऊन पाण्याचा पिंप पुढे आणवला आणि लोकांना पाणी वाटायला लावलं. मी वखारीच्या मशीनला पुढे केलं, पाच टेबलांना त्याचा पत्ता सांगितला आणि सहाव्या मिनिटाला पहिल्या टेबलावरच्या बाईंनी पुढचं नाव टाइप केलं. अजून सांगते, मला त्या क्षणी नाचावंसं वाटलं. काकांनी पाठीवर थाप मारली. ती इतक्या जोरात होती की मी दोन पावलं पुढे गेले.

शेवटची पानं पोचल्यानंतर आणि डिस्क जाण्याच्या आधी जे टाइप झालं होतं ते गेलं, हे मला तेव्हाच कळलं होतं. बारा-तेरा मिनिटं. हिशेब केला तर नऊ-दहा माणसं. अर्ज त्यांचा त्यांना परत गेला होता आणि हातात नंबराची चिठ्ठी मिळाली होती. कागद साठवायचे नाहीत हाही काकांचाच नियम. टेबलांवरच्या बायकांना जेवढे चेहरे आठवले तेवढे आम्ही गल्लीत धावत जाऊन शोधले. सहा सापडले. दोघे समोरच चहा पीत होते, एक कुटुंब बसस्टॉपवर होतं. त्यांना हात जोडून परत आणलं आणि पुन्हा लिहून घेतलं. पहिल्या टेबलावरच्या बाई, ज्या गिरगावात टायपिंगचा क्लास चालवत, त्या म्हणाल्या की त्यांना आणखी एक गृहस्थ आठवतात, पांढरा शर्ट, फारसं बोलले नाहीत, चिठ्ठी घेऊन लगेच गेले. आडनाव? ते त्यांनी सांगितलं. ते आमचंच होतं. पण आमच्या आडनावाची दहा-बारा माणसं रोज त्या रांगेत असत आणि बाबा तर रांगेत उभे राहणारच नव्हते. मी तिकडे लक्षही दिलं नाही.

संध्याकाळी घरी गेले तर आईने दारातच हळूच सांगितलं की आज स्वारी सकाळी शर्टाला इस्त्री करून बाहेर पडली होती, दुकानात उशिरा जाईन म्हणून सांगून. बाबा खाटेवर बसले होते. त्यांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून कार्ड आणि कार्डाच्या आतून चिठ्ठी. ती माझ्या हातात ठेवून म्हणाले, "हो घे नंबर. झाला तुझ्या मनासारख्या."

चिठ्ठीवर सकाळची पाळी, पहिलं टेबल, आणि नंबर. तो नंबर मला पाठ होता. दुपारी रांग पुन्हा सुरू झाल्यावर टेबलावरच्या बाईंना श्वास घ्यायला मिळावा म्हणून एक अर्ज मी स्वतः टाइप केला होता. सावंतवाडीहून आलेल्या एका विधवा बाईंचा. त्यांना दिलेला नंबर हाच. वखारीच्या मशीनला शेवटच्या बारा मिनिटांतलं काहीच माहीत नव्हतं, त्यामुळे त्याने नंबर तिथूनच पुढे द्यायला सुरुवात केली होती जिथून ते नंबर आधीच एकदा दिले गेले होते. शंभर नंबर सोडून पुढून सुरू कर, एवढंच त्याला सांगायचं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम. मी विसरले. रांग थांबली नाही या आनंदात मी विसरले.

खोटं बोलणं शक्य होतं. दुसऱ्या दिवशी गुपचूप त्यांचं नाव घालून नवी चिठ्ठी आणून दिली असती तर त्यांना पत्ताही लागला नसता. पण ज्या नियमातून मी काकांकडे सूट मागितली होती, त्याच नियमाखाली बाबा तीन तास उन्हात उभे राहिले होते. मी सगळं सांगितलं. डिस्क, दुसरं मशीन, पंधरा मिनिटं, नंबर, सावंतवाडीच्या बाई. ते ऐकत राहिले. आईने गॅस बारीक केला.

बाबांनी चिठ्ठी परत घेतली आणि दोन्ही बाजूंनी पाहिली. म्हणाले, "म्हणजे माझ्या नंबरार दुसरो घेतलात." मी मान खाली घातली. म्हटलं, उद्या माझ्याबरोबर चला, मागच्या दाराने नेते, दोन मिनिटांत होईल, रांगेत उभं राहायला नको. त्यावर ते जे म्हणाले ते मी विसरू शकत नाही. आवाज चढवला नाही. "तुझ्या मशिनीक सांग, मी हजर होतंय."

मशीनला हे सांगायची काही सोय नव्हती. ते त्या दिवशी तिथे आले होते हे पहिल्या टेबलावरच्या बाईंना माहीत होतं, त्यांना स्वतःला माहीत होतं, आता आम्हाला माहीत होतं. यादीला माहीत नव्हतं आणि कधी होणारही नव्हतं. मी स्वतःवर इतकी चिडले होते की जेवले नाही. पंधरा मिनिटांत काय होतंय, हे मीच म्हटलं होतं आणि तोऱ्यात म्हटलं होतं.

सकाळी मी उठले तेव्हा बाबा घरात नव्हते. तालमीत पोचले तर रांगेत विसाव्या-पंचविसाव्या जागी ते उभे. कालचाच शर्ट, पुन्हा इस्त्री केलेला. मी जवळून गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि रांगेतल्या कोणत्याही अनोळखी माणसासारखं समोर पाहू लागले. मी आत गेले, वखारीच्या मशीनचे नंबर दुरुस्त केले, बदली म्हणून दुसऱ्या एका टेबलाचा कॉम्प्युटर ओढून आणून जोडला आणि बाहेर येऊन चारच उरलेल्या टेबलांपैकी पहिल्यावर बसले. टायपिंगच्या बाईंना म्हटलं, तासभर मी बसते.

बाबांची पाळी यायला अकरा वाजले. ते समोर आले आणि त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. मी सगळ्यांना विचारते तेच त्यांना विचारलं. नाव, गाव, गिरणी, खातं. त्यांनी सांगितलं. पुढचा रकाना 'कायम की बदली' असा होता. तो मी न विचारता भरू शकले असते, पण मागे माणसं ऐकत होती आणि आपल्यासाठी वेगळं काही केलेलं बाबांना चाललं नसतं. मी विचारलं. ते म्हणाले, बदली. मोठ्याने म्हणाले. वारस म्हणून आईचं नाव सांगितलं, मग माझं. मी माझं नाव टाइप केलं, नंबर आला, चिठ्ठी फाडून त्यांच्यासमोर धरली.

त्यांनी चिठ्ठी घेतली नाही. त्यांनी विचारलं, हे दुसऱ्या मशीनवर गेलं का?

मी म्हटलं, अजून नाही, दहा मिनिटांनी जाईल. ते म्हणाले, मग मी थांबतो. आणि ते तिथेच उभे राहिले, टेबलाला हात टेकून. मागची बाई पुढे येऊ बघत होती, तिला जागा मिळेना. कुजबुज सुरू झाली. काका आतून तरातरा आले आणि जॉबरच्या आवाजात म्हणाले, "बाजूला व्हा, बाजूला व्हा, मागे माणसं आहेत." बाबा हलले नाहीत. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या कार्डाकडे, मग माझ्या पडद्यावरच्या आडनावाकडे, आणि त्यांना उमगलं. कालच्या गृहस्थांबद्दल त्यांनी ऐकलं होतंच. ते क्षणभर तोंडातल्या तोंडात काही तरी म्हणाले. मग रांगेकडे वळून त्यांनी दोन्ही हात वर केले आणि सांगितलं की जरा थांबा, सगळ्या टेबलांनी थांबा.

चारही टेबलं थांबली. त्या तालमीत सात महिन्यांत पहिल्यांदा काकांच्या सांगण्यावरून कीबोर्डचा आवाज बंद झाला. मी आत गेले आणि पंधरा मिनिटांची वाट न बघता टिपणवहीची पानं हाताने पुढे ढकलली. दुसऱ्या मशीनने ती वाचून घेतली. दारातून मी म्हटलं, बाबा, आलं.

टेबलावरचं कार्ड उचलून ते आत आले आणि माझ्या हातातली चिठ्ठी त्यांनी आता घेतली. चष्मा लावला आणि पडद्याजवळ वाकून स्वतःचं नाव वाचलं, मग वडिलांचं, मग गाव, गिरणी, आणि तो एक शब्द. नंबर त्यांनी हातातल्या चिठ्ठीशी दोनदा ताडून पाहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता खोडू नको."

मी खोडलं नव्हतं, असं म्हणणं माझ्या ओठांवर आलं होतं. मी नाही खोडणार म्हटलं. त्यांनी चिठ्ठी कार्डात ठेवली, कार्ड पिशवीत ठेवलं आणि दुकानाला उशीर झाला म्हणून मागच्या दाराने निघून गेले.